मार्गदर्शिका आणि डॉक्टरांचा विवेक
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



उपचारांच्या मार्गदर्शिका डॉक्टरांचे स्वातंत्र्य हिरावतात, अशी तक्रार आम्हा फॅमिली डॉक्टरांमध्ये वारंवार ऐकू येते. त्या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र आम्ही क्वचितच विचारतो.

मुंबईच्या धारावीतील १०० खासगी डॉक्टरांची एक पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. क्षयरोगासाठी त्यांनी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या होत्या. २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १०६ व्यावसायिकांच्या ६३ योजना निघाल्या. त्यांत बिनचूक चिठ्ठ्या अवघ्या ६. अपुऱ्या औषधांनी जंतू मरत नाहीत. ते औषधांना दाद देईनासे होतात आणि त्याची झळ घरातील लेकरांनाही बसते. जेथे पुरावा इतका भक्कम आहे, तेथे मार्गदर्शिका पाळणे हे रुग्णाचे देणेच होय.

तथापि, योग्य चिठ्ठी लिहिली की कर्तव्य संपले, असे नव्हे. आपल्या सोलापुरात विड्या वळून संसार चालविणाऱ्या एखाद्या भगिनीचे उदाहरण घ्या. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि ती औषध सोडते. कारण दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. सहा महिन्यांचा नियम तिला ठाऊक असतो, पण पेलत नाही. अशा वेळी 'रुग्णाने ऐकले नाही' असा शेरा मारून मोकळे होणे नीतीला धरून नाही.

मार्गदर्शिका म्हणजे काळ्या दगडावरची रेघही नव्हे. क्षयरोगाची औषधे आठवड्यातून तीनदा देण्याची सरकारी पद्धत बदलून २०१७ पासून ती रोज देण्यात येऊ लागली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून टिपलेली निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली. खात्रीचा उपचार नसताना त्यांनी नवी वाट शोधली, पण प्रत्येक पावलाची नोंद ठेवून.

तोच दंडक आपण पाळावा. मार्गदर्शिकेपासून दूर जावे लागलेच, तर त्याचे कारण रुग्णाला त्याच्या मराठी, तेलुगू वा कन्नड बोलीत सांगावे आणि केसपेपरवर लिहावे. नातेवाइकांनीही 'डॉक्टर, हेच औषध का?' असे निःसंकोच विचारावे. आणि देणगीदारांना विनंती, की यंत्रांइतकाच रुग्णाच्या बुडणाऱ्या मजुरीचाही विचार व्हावा. त्याशिवाय उत्तम मार्गदर्शिकाही कागदावरच राहील.