ज्वालामुखीची पूर्वसूचना : वेधशाळेपासून घरापर्यंत

ज्वालामुखीचा उद्रेक थोपविण्याचे सामर्थ्य मानवाजवळ नाही. त्याची चाहूल घेणे आणि माणसांना वेळीच दूर नेणे, एवढेच त्याच्या हाती आहे. ही दोन्ही कामे एकमेकांवाचून अपुरी ठरतात. कोलंबियातील नेव्हाडो डेल रुईस व फिलिपीन्समधील पिनाटुबो या दोन पर्वतांचा इतिहास याची साक्ष देतो.

भूगर्भातील शिलारस वर सरकू लागला की मार्गातील खडक तडकतात आणि लहान लहान भूकंप होतात. भूकंपमापक यंत्रे त्यांची नोंद करतात. पर्वताचे अंग किंचित फुगते. तो बदल कलमापक यंत्रे व कृत्रिम उपग्रह यांच्या साहाय्याने टिपता येतो. शिलारसातून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायॉक्साइड वायूचेही मापन केले जाते. यांपैकी कोणतेही एक लक्षण पुरेसे नसल्याने शास्त्रज्ञ सर्व नोंदी एकत्रितपणे पडताळून अनुमान बांधतात.

नेव्हाडो डेल रुईस या हिमाच्छादित शिखराच्या परिसरात १९८४ च्या अखेरीस भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार झालेल्या नकाशात आर्मेरो हे शहर चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखविलेले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेक झाला, बर्फ वितळले आणि सुमारे अडीच तासांनी राख, दगड व पाणी यांचा प्रचंड लोंढा त्या शहरावर आदळला. वीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नकाशा होता, अडीच तासांचा अवधीही होता. परंतु शहर वेळेवर रिकामे करण्यात आले नाही.

पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. २ एप्रिल १९९१ रोजी त्यातून वाफेचे स्फोट होताच फिलिपीन्सच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी तेथे यंत्रे बसविली. १३ मे रोजी दररोज सुमारे ५०० टन असलेले सल्फर डायॉक्साइडचे प्रमाण २८ मेपर्यंत ५,००० टनांवर गेले आणि त्यानंतर ते एकाएकी घटले. सामान्य माणसाला हे शुभचिन्ह वाटावे. परंतु वायूची वाट बुजून आत दाब वाढत असावा, असे शास्त्रज्ञांनी ताडले. धोक्याच्या पाच पायऱ्या ठरविण्यात आल्या होत्या. उद्रेकाचे परिणाम दाखविणारी चित्रफीत अधिकाऱ्यांना व ग्रामस्थांना दाखविण्यात आली. ती तयार करण्यात ज्यांचा पुढाकार होता, ते फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ मॉरिस क्राफ्ट ३ जून रोजी जपानमधील उन्झेनच्या उद्रेकात पत्नी कात्यासह मरण पावले.

पर्वत शांत राहिला असता, तर हजारोंना घरे सोडावयास लावल्याचा दोष शास्त्रज्ञांवर व अधिकाऱ्यांवर आला असता. ती जोखीम त्यांनी पत्करली. १५ जून रोजी विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्याच दिवशी वादळ आले. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून शेकडो लोक दगावले. तथापि, वेळीच झालेल्या स्थलांतरामुळे किमान पाच हजार प्राण वाचले, असा अंदाज आहे.

शास्त्रज्ञांचे भाकीत संभाव्यतेच्या भाषेत असते. त्या भाषेचे स्पष्ट आदेशात रूपांतर करणे हे प्रशासनाचे, आणि तो आदेश समजावून देणे हे गावातील शिक्षकांचे व लोकप्रतिनिधींचे कार्य होय. धोक्याच्या वाटेवरील शेवटच्या घरातील माणूस सुरक्षित स्थळी पोहोचतो, तेव्हाच पूर्वसूचनेचे काम पुरे होते.