कॅमेऱ्यावरचे नाव



आंब्याच्या दिवसांत मुंबईच्या बाजारात पेटीवर ‘देवगड हापूस’ असे ठसठशीत छापलेले असते, आणि आत मात्र कधी कधी कर्नाटकातला आंबा निघतो. यात गिऱ्हाईक फसते आणि कोकणातला बागायतदारही बुडतो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा दाद मागायला निदान कायद्याचा आधार तरी झाला. आज मला ज्याविषयी बोलायचे आहे, तो प्रकार याच्या शेजारचा आहे, पण हा नव्हे. इथे पेटीवरचे नाव चोरलेले नसते. ज्याचे नाव, त्यानेच ते राजीखुशीने दुसऱ्याच्या मालावर लावलेले असते. कायद्याने त्यात काही वावगे नाही. म्हणूनच गिऱ्हाइकाने अधिक जागे राहावयास हवे.

कॅमेऱ्यांच्या धंद्यात हे पुष्कळ चालते. पण ही कल्पना काही कॅमेरेवाल्यांनी काढलेली नव्हे. आमच्या उपनगरातच, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या कराराने १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. ट्रक एकाच घडणीचा. पण कोणाच्या तोंडावर डॉज, कोणाच्या फार्गो आणि कोणाच्या डीसोटो. पुढे त्याच कारखान्यातली फियाट ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, म्हणजे परदेशी नाव उतरवून देशी नाव चढले. ती बिचारी टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ पर्यंत धावली. ट्रक घेणारा मात्र नावाला भुलत नसे. तो चाकाखाली शिरून पाटे बघत असे. कॅमेऱ्याच्या खाली शिरता येत नाही, ही खरी अडचण आहे.

आता हॅसलब्लाड या स्वीडिश कंपनीची हकीकत ऐका. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळची छायाचित्रे हिच्या कॅमेऱ्याने घेतलेली. त्यावरची भिंगे जर्मनीच्या झाइस कंपनीची होती, बरं का! म्हणजे दोन कंपन्यांनी हातमिळवणी करणे हेच मुळात वाईट, असे मी म्हणत नाही. झाइसने भिंग घडवले, हॅसलब्लाडने पेटी घडवली, दोघांनीही आपापले कसब ओतले. पुढे डिजिटल युग आले, कंपनीची मालकी गुंतवणूकदारांच्या हाती गेली, आणि २०१२ साली तिने ‘लूनर’ नावाचा कॅमेरा जाहीर केला. चंद्राची आठवण करून देणारे नाव! आत पाहावे तर जपानच्या सोनी कंपनीचा नेक्स-सेव्हन हा कॅमेरा. सेन्सर तोच, चोवीस मेगापिक्सेलही तेच. बाहेरून लाकडाची, चामड्याची किंवा कार्बनची मूठ बसवलेली. सोनीचा मूळ कॅमेरा भिंगासह साधारण तेराशे-साडेतेराशे डॉलरला मिळत होता. लूनरची किंमत सात हजारांच्या घरात गेली. पाचपट! बैलाची शिंगे रंगवून झुली घातल्या म्हणून तो दुप्पट नांगरत नाही, हे आपल्याकडचा शेतकरी सांगेल. जगातल्या छायाचित्रकारांनी या कॅमेऱ्याची यथेच्छ टिंगल केली. अशी आणखी काही मॉडेले काढून कंपनीने तो नाद सोडला, आणि २०१६ साली एक्सवनडी हा खरोखरच स्वतःच्या घडणीचा कॅमेरा आणला. तो चांगला होता.

लायकाची गोष्ट इतकी सरळ नाही. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत ज्या जर्मन कॅमेऱ्याने छायाचित्रकाराला तिवईच्या जाचातून सोडवले, तो हा. या कंपनीनेही दुसऱ्याची मदत घेतली. १९७३ चा सीएल हा तिचा छोटा कॅमेरा जपानच्या मिनोल्टा कारखान्यात तयार झाला. पण तो दोघांनी मिळून आखलेला होता, आणि लोक आजही तो जपून वापरतात. १९९८ चा पहिला डिजिलक्स मात्र फुजीचाच कॅमेरा, नवा अंगरखा घातलेला. त्यानंतर पॅनासॉनिकशी जी सोयरीक जुळली ती आजवर टिकली आहे. २०१८ साली पॅनासॉनिकने एलएक्स-१०० चा दुसरा अवतार काढला आणि त्याच वर्षी लायकाने डी-लक्स सेव्हन. दोन्हीची पत्रके शेजारी ठेवा. सतरा मेगापिक्सेल, सतरा मेगापिक्सेल. भिंग चोवीस ते पंचाहत्तर मिलिमीटर, इकडेही तेच. फरक कातडीचा, घाटाचा, आणि त्या तांबड्या टिकलीचा.

येथे न्याय मात्र करायला हवा. या जोडीत अमेरिकेतली किमतीची तफावत दोनशे डॉलरच्या आतबाहेर होती, पाचपट नव्हे. शिवाय टिकलीवाला कॅमेरा पुढे विकायला काढला तर पैसे बरे येतात. हौशी माणसाने हातात धरायला सुंदर वस्तू म्हणून तो घेतला, तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पैठणीचा काठ थंडी वारत नाही, म्हणून काय कोणी काठ कापून टाकतो? माझी तक्रार घेणाऱ्याशी नाही. ‘अस्सल जर्मन आहे’ असे सांगून विकणाऱ्याशी आहे.

कारण हे शब्द कोणाच्या कानी पडतात ते पाहा. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई. तिथल्या किनाऱ्यावर हल्ली लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रे काढून घ्यायला येतात, आणि त्यांच्यामागे वाळूतून छत्री धरून पळणारी पोरे असतात. तसाच एक पोरगा माझ्या वर्गात होता. स्वतःचा धंदा काढायचा म्हणून त्याच्या आईने पाटली गहाण ठेवली होती. एका दुकानदाराने त्याला असाच टिकलीवाला जुना छोटा कॅमेरा दाखवला होता. तो मला म्हणाला, “सर, लग्नघरची माणसं कॅमेऱ्याकडे बघून दर ठरवतात.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी म्हटले, “अरे, पण याचं भिंग निघतं का? मंगल कार्यालयात मागच्या रांगेतून वधूचा चेहरा टिपायचा झाला तर काय करशील?” पोरगा गप्प झाला. सहाएक महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेला मुलगा. भिंग बदलता येणे या धंद्यात किती जरुरीचे आहे ते त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्या टिकलीने तेवढ्यापुरता त्याला विसर पाडला होता. पुढे फोर्टातल्या बोरा बाजारात फिरून त्याने साध्या नावाचा, भिंगे बदलता येणारा जुना कॅमेरा घेतला. उरलेल्या पैशात लांबचे भिंग आणि फ्लॅश आला. त्याच्या मामाला तो कॅमेरा अजून पसंत नाही.

खेड्यापाड्यातल्या श्रोत्यांपुढे हाच प्रश्न मोबाइलच्या रूपाने येतो. ह्युआवेने २०१६ साली लायकाचे नाव घेतले, विवोने २०२० साली झाइसचे, वनप्लसने २०२१ साली हॅसलब्लाडचे, शाओमीने २०२२ साली पुन्हा लायकाचे. वनप्लस आणि हॅसलब्लाडची जोडी तर २०२५ साली मोडलीही. या फोनांतले सेन्सर बहुधा सोनी, सॅमसंग अशा कंपन्यांचे असतात. नावाची कंपनी रंगांची जुळणी करते, भिंगावरच्या लेपात लक्ष घालते. हे काम अगदीच पोकळ नव्हे, परंतु त्यामुळे खिशातला फोन काही चंद्रावर गेलेला कॅमेरा होत नाही.

शिक्षकबंधूंनो, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी वर्गणी काढून कॅमेरा घ्यायचा झाला, तर दुकानात जाण्यापूर्वी दोन पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. वरच्या वर्गातल्या मुलांनाच हे काम सांगावे. सेन्सरचा आकार, मेगापिक्सेल, भिंगाचे आकडे, बॅटरीचे माप. आकडा आकड्याला जुळू लागला की खुशाल समजावे, आतला जीव एकच आहे. मग तफावत किती रुपयांची आणि त्या रुपयांत काय मिळते, हे दुकानदाराला तोंडावर विचारावे. हमी किती वर्षांची? सुटे भाग कोण देणार? आणि दुरुस्ती कोठे? गोराईसारख्या ठिकाणी, जिथे खारा वारा आणि बारीक वाळू फटीफटीत शिरते, तिथे हा शेवटचा प्रश्न मी तरी सर्वांत आधी विचारीन.