मूत्रमार्गाचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि प्रोबायोटिक्स



लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या भगिनी अलीकडे आम्हांस विचारतात, "डॉक्टर, त्या प्रोबायोटिक कॅप्सूलने हा त्रास थांबेल का? की नुसते दही पुरे?" प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू वास्तव्य करून असतात. त्यांनी निर्माण केलेल्या आम्लामुळे आतड्यातून येणाऱ्या ई. कोलाय जंतूस तेथे सहसा ठाण मांडता येत नाही. रजोनिवृत्तीनंतर, तसेच प्रतिजैविकांच्या वारंवार वापराने, हे पहारेकरी विरळ होतात.

रजोनिवृत्ती झालेल्या २५२ स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका गटास वर्षभर सल्फायुक्त प्रतिजैविक, तर दुसऱ्यास लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. वर्षभरात सरासरी संसर्ग झाले अनुक्रमे २.९ आणि ३.३. म्हणजे प्रतिजैविक थोडे सरस ठरले. परंतु त्या गटातील ई. कोलाय जंतूंमध्ये त्या औषधास न जुमानणाऱ्यांचे प्रमाण अवघ्या महिन्याभरात सुमारे २० ते ४० टक्क्यांवरून ८० ते ९५ टक्क्यांवर गेले. कॅप्सूल घेणाऱ्यांत तशी वाढ झाली नाही. आमच्या मते या अभ्यासाचे खरे मोल या दुसऱ्या निष्कर्षात आहे.

पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, आपल्या देशातील १७४ स्त्रियांवरील अभ्यासात योनिमार्गातून दिलेल्या प्रोबायोटिकने संसर्ग कमी झाले; केवळ तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलचा प्रभाव मात्र फारसा दिसला नाही. सर्व अभ्यास एकमुखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. घरच्या दह्याविषयी म्हणाल, तर ते अवश्य खावे. परंतु विरजणातील जीवाणू आणि या अभ्यासांतील निवडक वाण एक नव्हेत.

त्यामानाने पाण्याची गोष्ट सोपी आणि बिनखर्ची. कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दीड लिटर अधिक पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७, तर इतरांना ३.२ संसर्ग झाले. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या भगिनींना हा सल्ला देताना आम्हांस संकोच वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

ताप, थंडी वा कुशीत वेदना असल्यास, तसेच गरोदरपणी, कॅप्सूलच्या भरवशावर एक दिवसही न दवडता लघवीची तपासणी करवून घ्यावी आणि दिलेले प्रतिजैविक पूर्ण घ्यावे.