मोझार्ट आणि प्रागचा पाहुणचार



उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज पाहुणे असतील, आणि काही श्रोते तर पाहुण्यांना घरी ठेवून इथे आले असतील, अशी मला शंका आहे. तेव्हा आज पाहुण्यासंबंधीच बोलावे असे ठरवले. माझा पाहुणा मात्र जरा दूरचा आहे. त्याचे नाव वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट, आणि तो ज्या गावी पाहुणा म्हणून गेला ते गाव म्हणजे बोहेमियाची राजधानी प्राग.

कोणी म्हणेल, प्राग त्याला परके कसे? व्हिएन्नाच्याच सम्राटाचे ते राज्य. पण मोझार्टचा जन्म साल्झबुर्गचा, आणि साल्झबुर्गवर तेव्हा तिथल्या आर्चबिशपांची स्वतंत्र सत्ता होती. म्हणजे व्हिएन्नाही त्याला परकेच. 1781 पासून तो तिथे बिऱ्हाड करून होता, कीर्ती होती, शिष्य होते, पण घट्ट पायाखालची जमीन अशी नव्हती. प्रागमध्ये तर रस्त्यावर चेक भाषा कानी पडायची. एक परके शहर पोटापाण्याचे, दुसरे परके शहर जिव्हाळ्याचे, असा हा प्रकार होता.

1786 च्या 1 मे रोजी त्याचा ‘फिगारो’ हा ऑपेरा व्हिएन्नात रंगभूमीवर आला. लोकांना आवडला, नाही असे नाही. पण त्या वर्षात त्याचे प्रयोग झाले अवघे नऊ. नंतर दुसऱ्याच एका संगीतकाराच्या खेळाकडे रसिकांचा ओढा वळला. तोच ‘फिगारो’ वर्षाच्या अखेरीस प्रागला लागला आणि त्या गावाला अक्षरशः वेड लागले. तिथल्या वादकांनी आणि रसिकांनी मोझार्टला आमंत्रण धाडले. 8 जानेवारी 1787 रोजी तो पत्नी कॉन्स्टान्झेसह निघाला. बरोबर दोघे वादक मित्र, एक नोकर आणि एक कुत्रा. थंडीचे दिवस, तीन दिवसांचा घोडागाडीचा प्रवास. या मंडळींनी वाटेत काय करावे? सर्वांना, कुत्र्यालाही, अर्थहीन आणि विचित्र अशी टोपणनावे ठेवली. मोझार्टने स्वतःला ठेवलेले नाव ‘पुंकितितिती’! माणूस स्नेह्यांच्या गावी निघाला की वय कसे गळून पडते, ते पाहावे.

उतरले ते काउंट थुन यांच्या वाड्यात. या थुनांचा पाहुणचार त्याने पूर्वीही घेतला होता. 1783 साली लिंझला तो त्यांच्याकडे उतरला असता तिथे मैफल ठरली, आणि जवळ एकही सिंफनी नव्हती. तेव्हा चार-पाच दिवसांत त्याने नवी लिहून काढली. यजमानाचे ऋण फेडण्याची ही त्याची रीत. आपण मिठाईचा पुडा नेतो.

प्रागहून त्याने गॉटफ्रीट फॉन याक्विन या मित्राला 15 जानेवारीस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो की जेवणानंतर काउंटांच्या पदरचे वादक दीड तास गाणेबजावणे करतात आणि हे सुख आपल्याला रोज मिळू शकते. त्याच्या खोलीत एक चांगला पियानो आणून ठेवलेला होता. माझ्या मते या पियानोत सारे आले. पाहुण्याला काय खायला घालावे, हे कोणताही यजमान ठरवू शकतो. पण याला काय लागते हे न विचारता ओळखून ते खोलीत ठेवून देणे, हे स्नेह्यालाच सुचते.

त्याच पत्रात एका नृत्यसभेचे वर्णन आहे. तो स्वतः नाचला नाही. एक तर दमला होता, आणि दुसरे, आपण जन्माचे लाजाळू, असे तो थट्टेने लिहितो. पण तरुण-तरुणींना नाचताना पाहून त्याला आनंद वाटला, कारण ती सारी मंडळी त्याच्याच ‘फिगारो’च्या चालींवर नाचत होती. गावात दुसरा विषयच नव्हता. 19 जानेवारीस त्याची मैफल झाली. तीत एक नवी सिंफनी वाजली. तिला आज जग ‘प्राग सिंफनी’ म्हणूनच ओळखते. मग तो एकटा पियानोवर बसला आणि ‘फिगारो’तल्या एका पदावर मनातून सुचेल तसे वाजवत गेला. तीन दिवसांनी ‘फिगारो’चा प्रयोगही त्याने स्वतः चालवला. परत निघाला तेव्हा खिशात नव्या ऑपेराचा करार होता, शंभर डुकाटांचा.

या गावाला त्याचे संगीत एवढे का समजावे? चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतज्ञ 1772 साली बोहेमियातून गेला, तेव्हा चास्लाव्ह नावाच्या लहान गावच्या शाळेत त्याने मुलगे आणि मुली वाचन-लेखनाबरोबर व्हायोलिन व ओबो वाजवताना पाहिली. जिथे पंतोजीच मुलांच्या हाती वाद्य देतो, तिथे श्रोता तयार असतो. व्याख्यानमालेच्या चालकांनी हे लक्षात घ्यावे, एवढे जाता जाता सुचवतो.

4 ऑक्टोबर 1787 रोजी मोझार्ट पुन्हा प्रागला आला. मधल्या मे महिन्यात वडील वारले होते. कॉन्स्टान्झेला दिवस गेले होते. या खेपेला उतारा ‘तीन सिंह’ नावाच्या खाणावळीत होता. पण मन रमले ते शहराबाहेरच्या बर्ट्राम्का या बंगलीत. ती दुशेक दांपत्याची. फ्रान्टिशेक दुशेक हे पियानोचे नामांकित शिक्षक, आणि त्यांच्या पत्नी योसेफाबाई थोर गायिका. या बाईंचे आजोळ साल्झबुर्गचे. 1777 साली ही मंडळी तिकडे गेली असता ओळख झाली, आणि एकवीस वर्षांच्या मोझार्टने बाईंसाठी एक पद लिहिले होते. दहा वर्षांचा हा स्नेह.

बर्ट्राम्कात तो किती रात्री राहिला यावर वाद घालणारे पंडित आहेत. मला त्या वादात रस नाही. खाणावळीत त्याचे सामान होते, एवढे मानले की पुरे. बागेत गोट्यांचा खेळ चालावा, आपली पाळी आली की त्याने उठून चेंडू टाकावा, आणि पुन्हा येऊन सुरावट लिहीत बसावे, असे सांगतात.

काम मात्र सुखाचे नव्हते. ‘दॉन जोव्हान्नी’ 14 ऑक्टोबरला एका राजकन्येच्या स्वागतासाठी व्हायचा होता. तयारी झाली नाही. त्या दिवशी ‘फिगारो’वर भागवावे लागले. मग 24 तारीख ठरली, तर एक गायिका आजारी. व्हिएन्नाच्या मानाने इथल्या मंडळींना भूमिका लवकर पाठ होत नाहीत, अशी तक्रारही त्याने पत्रात केली आहे. प्रेम होते म्हणून दोष दिसत नव्हते, असे नाही. शेवटी 29 तारीख मुक्रर झाली आणि आरंभीचे वाद्यसंगीत तर अजून कागदावरच नव्हते! त्या रात्रीची हकीकत कॉन्स्टान्झेनेच पुढे सांगितली. डोळे मिटू नयेत म्हणून तिने गरम पंच करून दिले आणि अल्लाउद्दीनच्या दिव्याच्या वगैरे गोष्टी सांगत बसली. तो हसला, लिहू लागला, पुन्हा पेंगला. अखेर तिने त्याला थोडा वेळ झोपू दिले, पाच वाजता उठवले, आणि सात वाजता नकलनवीस आला तेव्हा काम तयार होते.

प्रयोग अपूर्व रंगला. मग योसेफाबाईंनी आपले घेणे मागितले. दिलेले नवे पद काही होईना, तेव्हा त्यांनी पाहुण्याला बागेतल्या खोलीत कोंडले आणि लिहून होईपर्यंत सोडणार नाही म्हणून बजावले. पाहुणाही वस्ताद. त्याने पदात चढायला कठीण अशा अवघड जागा पेरल्या आणि अट घातली: पहिल्याच वाचनात बिनचूक गायलात तर पद तुमचे, नाही तर फाडून टाकीन. गोष्ट ऐकीव आहे, पण 3 नोव्हेंबर ही तारीख घातलेले ते पद खरेच आहे आणि आजही गायिकांना घाम फोडते. खोलीला बाहेरून कडी घालण्याइतका हक्क दरबारात कोणाला असतो?

लोक त्याला आणखी दोन महिने राहा, दुसरा ऑपेरा लिही, असा आग्रह करत होते. हा मान मोठा, पण स्वीकारता येत नाही, असे त्याने याक्विनला कळवले. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडे आहे. ती इथे लागू नव्हती. यजमान कंटाळले नव्हते. पण प्रागमध्ये सम्राटाचा दरबार नव्हता, कायमची नेमणूक मिळण्याजोगी जागा नव्हती. प्रेमावर महिनाभर राहता येते, संसार करता येत नाही. व्हिएन्नाला परतल्यावर डिसेंबरात त्याला दरबारी पद मिळाले, वर्षाला 800 गुल्डेनचे. ग्लुक या संगीतकाराला 2000 मिळत असत. आणि पुढल्या मे महिन्यात तोच ‘दॉन जोव्हान्नी’ व्हिएन्नात झाला, तर लोकांना फारसा रुचला नाही.

1791 च्या ऑगस्टअखेर तो राज्याभिषेकाच्या ऑपेरासाठी पुन्हा प्रागला आला. प्रकृती बिघडली होती, औषध चालू होते. 6 सप्टेंबरचा प्रयोग थंडच गेला. फ्रान्त्स निमेचेक या प्रागच्या अध्यापकाने 1798 मध्ये त्याचे चरित्र लिहिले. त्यात तो सांगतो की या वेळी स्नेह्यांचा निरोप घेताना मोझार्टच्या डोळ्यांत पाणी आले.

5 डिसेंबरला व्हिएन्नात तो गेला. तिथे त्याला सामाईक जागेत पुरले. यात मुद्दाम अवहेलना होती असे मात्र समजू नये. त्या काळी मध्यमवर्गीयांसाठी सरकारी नियमच तसे होते. प्रागमध्ये 14 तारखेला संत निकोलसच्या देवळात प्रार्थना झाली. सुमारे एकशेवीस गायक-वादक जमले होते, आणि माणसांना देऊळ पुरेना. मुख्य गायिका होत्या योसेफाबाई दुशेक.

मोझार्टचा थोरला मुलगा कार्ल तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे आईने त्याला शिक्षणासाठी प्रागलाच पाठवले. तो निमेचेकांच्या घरी राहिला.