पलटणींच्या इतिहासातला न मांडलेला खर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येक जुन्या सैन्याला आपल्या पलटणींचा इतिहास लिहून ठेवण्याची हौस असते. अमेरिकेच्या मरीन कोअरला, म्हणजे जहाजांतून परक्या किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या त्या देशाच्या नौदलीय पायदळाला, ही हौस अंमळ अधिकच आहे. १० नोव्हेंबर १७७५ ही आपली जन्मतारीख हे दल दरवर्षी साजरी करते. वस्तुतः स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर पहिले दल मोडीत निघाले आणि ११ जुलै १७९८ रोजी कायद्याने ते पुन्हा उभे राहिले. परंतु परंपरेच्या वहीत मधला खंड मोजला जात नाही. रेजिमेंटांचेही तसेच. एखादी रेजिमेंट बरखास्त होते, काही वर्षांनी तोच क्रमांक घेऊन पुन्हा उभी राहते, आणि जुन्या मोहिमांच्या फिती तिच्या निशाणाला पुन्हा बांधल्या जातात. ती कोठे उतरली, कोणाशी लढली, कोणत्या तळावर राहिली, याची तारीखवार नोंद ठेवलेली असते.

या नोंदी खोट्या नसतात. त्यांतले शौर्यही पुष्कळदा खरे असते. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही वही हाती घेतली, तर हिच्यात जमेची बाजू तेवढी भरलेली आहे, खर्चाची बाजू कोरीच आहे, हे त्याच्या चटकन ध्यानात येते. पलटण उतरली तो किनारा कोणाचा होता? तळाखालची जमीन पूर्वी कोण कसत होते? मोहीम कोणाच्या कर्जाच्या वसुलीसाठी होती? या प्रश्नांची उत्तरे अन्यत्र शोधावी लागतात. ती शोधून दोन्ही बाजू एका पानावर मांडणे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

पहिले पान हैतीचे. १७ डिसेंबर १९१४ रोजी मरीन सैनिक पोर्ट-ओ-प्रिन्स येथे उतरले, राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलर किमतीचे सोने त्यांनी बंदरावर नेले आणि माचियास या युद्धनौकेतून ते न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेकडे रवाना झाले. जुलै १९१५ मध्ये मरीन पुन्हा उतरले ते १९ वर्षांसाठी. जकातीचे उत्पन्न अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाती गेले. परकीयांना जमीन विकत घेण्याची जुनी मनाई १९१८ च्या राज्यघटनेतून नाहीशी झाली. रस्ते बांधण्यासाठी १८६४ च्या एका विसरलेल्या कायद्याचा आधार घेऊन शेतकऱ्यांना वेठीस धरण्यात आले. दोरखंडाने बांधून त्यांना कामावर नेल्याच्या तक्रारी होत्या. ज्या देशाने गुलामांच्या बंडातून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले, त्या देशात पुन्हा वेठबिगार आली! त्यातून शार्लमान्य पेराल्त याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. १९१९ मध्ये वेषांतर करून गेलेल्या मरीन अधिकाऱ्यांनी त्याला ठार मारले आणि त्याचे प्रेत एका फळीला बांधून छायाचित्र देशभर वाटले. दहशत बसावी म्हणून वाटलेले ते छायाचित्र जनतेला क्रुसावरील ख्रिस्तासारखे दिसले आणि पेराल्त हुतात्मा झाला. १९३४ मध्ये सैन्य परतले. देशाच्या तिजोरीवरील अमेरिकन देखरेख मात्र १९४७ पर्यंत चालू राहिली. पलटणीची नोंद १९३४ ला संपते, कर्जाची नोंद पुढे तेरा वर्षे चालते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच काळात डोमिनिकन प्रजासत्ताक १९१६ ते १९२४ पर्यंत ताब्यात होते. निकाराग्वात सांदिनोविरुद्धची मोहीम १९३३ पर्यंत चालली. जाताना मरीन दलाने तेथे तयार करून ठेवलेले नॅशनल गार्ड सोमोसाच्या हाती पडले, १९३४ मध्ये सांदिनोचा खून झाला, आणि सोमोसा घराण्याची सत्ता १९७९ पर्यंत त्या देशाच्या मानगुटीवर बसून राहिली.

या सर्व मोहिमांचा एक साक्षीदार फार मोलाचा आहे. मेजर जनरल स्मेडली बटलर हे शौर्यासाठीचे सर्वोच्च पदक दोनदा मिळवणारे अधिकारी. दुसरे पदक त्यांना हैतीतील लढाईबद्दलच मिळाले, आणि तेथील नव्या सशस्त्र दलाचे पहिले प्रमुखही तेच होते. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. १९३५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून आणि गावोगाव भाषणे देऊन सांगितले की युद्ध हा मूठभरांच्या नफ्याचा धंदा आहे, आणि आपली सारी हयात बँका, फळकंपन्या व तेलकंपन्या यांची रखवाली करण्यात गेली. हे बोलणारा मनुष्य कोणी समाजवादी प्रचारक नव्हता. ज्याने ती वही स्वतःच्या हाताने भरली, त्यानेच तिची खर्चाची बाजू उघडून दाखविली. १९४० मध्ये ते वारले. पुढे ओकिनावा बेटावरील मरीन तळांना मिळून जे एकत्रित नाव देण्यात आले, ते बटलर यांचेच!

तेव्हा दुसरे पान ओकिनावाचे. १९४५ च्या लढाईत तेथील सुमारे चौथा हिस्सा जनता प्राणास मुकली. वाचलेली माणसे छावण्यांतून परतली तेव्हा कित्येकांच्या गावांवर तळ उभे होते; फुतेन्मा विमानतळ अशाच गावांवर आणि शेतांवर उभा आहे. १९५० नंतर आणखी जमिनी घेण्यात आल्या. संगिनी आणि बुलडोझर हे त्या भूसंपादनाचे लोकांनी ठेवलेले नाव. १९५६ मध्ये अमेरिकन संसदेच्या एका समितीने एकरकमी भाडे देऊन जमिनी दीर्घकाळ ठेवाव्यात अशी शिफारस केली, तेव्हा सबंध बेट उठले. त्याच सुमारास जपानच्या मुख्य भूमीवरील मरीन पलटणी ओकिनावात हलविण्यात आल्या. मुख्य भूमीवर तळांना विरोध वाढत होता. ओकिनावा तर लष्करी अमलाखाली होते, तेथे मतपेटीचे भय नव्हते. पलटणीच्या इतिहासात हे एका ओळीचे स्थलांतर आहे.

इए बेटावरील शेतकऱ्यांनी आहागोन शोको यांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा. त्यांनी स्वतःसाठी नियम केले होते: रागावायचे नाही, खोटे बोलायचे नाही, बोलणी बसून करायची, हात कानाच्या वर उचलायचा नाही. जमीन गेल्यावर ते भिकाऱ्यांचा मोर्चा म्हणून बेटभर पायी फिरले आणि भीक मागणे लाजिरवाणे असेल, पण भीक मागायला लावणे त्याहून लाजिरवाणे आहे, हे त्यांनी लोकांना पटवून दिले. सत्याग्रहाची परंपरा सांगणाऱ्यांना ही भाषा परकी वाटू नये.

१९७२ मध्ये ओकिनावा जपानकडे परत आले, तळ राहिले. देशाच्या ०.६ टक्के भूमीवर अमेरिकेच्या खास वापरातील लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा आहे. १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला आणि संतापाचा भडका उडाला. १९९६ मध्ये फुतेन्मा पाच ते सात वर्षांत परत देण्याचे ठरले, परंतु बदली तळ हेनोको येथे, त्याच बेटावर! २००४ मध्ये फुतेन्माशेजारच्या विद्यापीठावर मरीन हेलिकॉप्टर कोसळले. २०१९ च्या सार्वमतात ७२ टक्के मतदारांनी हेनोकोच्या भरावाला विरोध केला, तरी भराव थांबला नाही.

तळ गेले तर बेट उपाशी मरेल, असे सांगितले जाते. आकडे निराळे बोलतात. १९७२ मध्ये प्रांताच्या उत्पन्नात तळांचा वाटा सुमारे १५ टक्के होता. पुढे तो ५ ते ६ टक्क्यांवर आला. नाहा शहरात परत मिळालेल्या जागेवर नवी वसाहत उभी राहिली आणि रोजगार कैक पटींनी वाढला. तळ लोकांना पोसतो की त्यांची जमीन अडवून बसतो, या वादाचा निकाल येथे लागलेला आहे.

आता तिसरे पान, आणि ते सैनिकांचे स्वतःचे आहे. १९४२ पर्यंत या दलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. त्यानंतर १९४९ पर्यंत सुमारे २०,००० जणांना उत्तर कॅरोलिनातील माँटफर्ड पॉइंट या वेगळ्या छावणीत शिक्षण देण्यात आले. फॅसिझमविरुद्ध लढायचे, पण रांग निराळी! त्याच परिसरातील कॅम्प लेज्यून या तळावर १९५३ ते १९८७ या काळात पिण्याच्या पाण्यात घातक रसायने मिसळत होती. सुमारे दहा लाख माणसे या पाण्याच्या संपर्कात आली असावीत, असा अंदाज आहे. त्यांत सैनिकांच्या गरोदर बायका होत्या, तान्ही मुले होती. दूषित पाणी ज्या वसाहतींना मिळाले, त्यांतील एकीचे नाव तरावा टेरेस. १९४३ मध्ये तरावा बेटावर सुमारे एक हजार मरीन पडले, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. वीरांचे नाव वसाहतीला दिले, आणि तिथल्या मुलांना विषारी पाणी पाजले. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग मोकळा करणारा कायदा २०२२ मध्ये झाला; तोवर अनेकजण हयात नव्हते.

तात्पर्य काय? सैनिकाचा द्वेष करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. पलटणीत भरती होणारा बहुधा गरिबाघरचाच मुलगा असतो, आणि खर्चाच्या बाजूला हैतीच्या शेतकऱ्याच्या खाली त्याचेही नाव आहे. अडचण आहे ती अर्धी वही पूर्ण म्हणून वाचण्याच्या सवयीची. कोणत्याही देशाच्या, आपल्याही, पलटणीचा वा तळाचा गौरवग्रंथ हाती आला की कार्यकर्त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: जमीन कोणाची, कर्ज कोणाचे, पाणी कोण प्याले? १९८२ मध्ये ओकिनावातील युद्धविरोधी नागरिकांनी तळाखालील जमिनीचे छोटे तुकडे वर्गणीने सामाईक विकत घेतले आणि त्यांचे मालक म्हणून भाडेकरारावर सही नाकारली. एकेकाच्या वाट्याला हातरुमालाएवढीही जमीन नव्हती, पण सरकारी दप्तरात त्यांची नावे लागली. खर्चाची बाजू अशीच, एकेक नाव नोंदवून, भरावी लागते.