नवी प्राथमिक शाळा आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात चिंचोटी येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस विद्याविषयक चार शब्द सांगावयास पाचारण केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. सारी हयात खडू-फळ्याच्या सहवासात गेल्यामुळे दुसरा विषय आम्हांस सुचणेही कठीणच!

चिंचोटीच्या परिसरात वस्ती वाढली, तेव्हा लहान मुलांसाठी नवी प्राथमिक शाळा निघावी, असा विचार आपल्या बैठकींतून वारंवार निघतो. विचार स्तुत्य आहे. परंतु प्रस्तावाची ‘पडताळणी’ होणार म्हटले की आपली मंडळी हिरमुसतात. पडताळणी म्हणजे अडवणूक नव्हे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी आणि तेथे सहा ते अकरा वर्षांची निदान वीस मुले असावीत. म्हणून प्रश्न मुख्यतः दोन : अंतर किती आणि मुले किती?

प्रथम अंतर. नकाशावर पट्टी ठेवून एक किलोमीटर भरेल. पण मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा असेल, तर सहा वर्षांच्या पोरीने तो ओलांडावा कसा? पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या डोंगराकडून ओढे फुगून येतात, ते निराळेच. केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, वाटेत पूर वा अन्य धोका असेल, तर तो टाळून शाळेची जागा ठरवावी. ही वाट पडताळणीच्या वेळी दाखवावयाची कोणी? अर्थात आपणच.

आता मुले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर चाळी आणि कारखान्यांच्या शेड किती उठल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतो. वीटभट्टीवरचे व शेडमधले कामगार आज येथे, उद्या तेथे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे व स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत दाखल करणे, हे कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. तथापि ज्याचे नाव कागदावर नाही, ते मूल हिशेबात येत नाही. वीस हा आकडा उलटही फिरतो, हे विसरू नये. वीसहून कमी पटाच्या शाळा समूहशाळेत सामील करण्याचा विचार २०२३ साली राज्यात पुढे आलाच होता.

आपले काही उत्साही तरुण म्हणतात, “चार खोल्या भाड्याने घेऊ आणि इंग्रजी शाळा काढू.” त्यांच्या उत्साहाचे कौतुक करूनही आम्ही सांगतो, बाबांनो, थांबा. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकास एक वर्ग, मुलामुलींस निरनिराळी शौचालये, पिण्याचे शुद्ध पाणी, मैदान व कुंपण ही किमान गरज आहे. मान्यतेवाचून शाळा चालविल्यास एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दर दिवसास दहा हजारांपर्यंत. दंड संस्था भरील. परंतु मुलाचे वाया गेलेले वर्ष कोण भरून देईल?

आपल्याच पालघर जिल्ह्यातील थोर उदाहरण पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. मुले कोठे आहेत, हे त्या माउल्यांनी आधी पाहिले; शाळेचे स्वरूप मागाहून ठरविले. खरी पडताळणी ती हीच.

तेव्हा आमची विनंती अशी. उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतील व शेजारच्या चाळीतील सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची यादी करावी. कोणत्या वाटेने ती शाळेस जातात, हे लिहावे. व संस्थेने ती यादी प्राधिकरणास सादर करून पोच घ्यावी. मात्र यादी करताना कोणाची जात विचारू नये. शाळा आपल्या ज्ञातीची नव्हे, गावाची मागावयाची आहे. आपल्या वीस मुलांसाठी मागाल, तर ती उपकाराची याचना ठरेल. गावाच्या सर्व मुलांसाठी मागाल, तर तो हक्क ठरेल.