भट्टी आपल्याला येते, जमीन नावावर हवी
(कशेडी येथील बैठकीत केलेले भाषण)



जमिनीच्या बैठकीत भाताच्या तुसाचं काय काढलंय, असं मघाशी काही जण म्हणाले. संबंध आहे, सांगतो.

आम्ही कातकरी. खैराचा कात काढणारे म्हणून हे नाव. कात गेला, कोळसा सुटला नाही. मुकादमाची उचल घ्यायची अन् पावसापर्यंत भट्टीवर राहायचं. हवा कोंडली की लाकडाची राख न होता कोळसा होतो, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हेच उसाच्या पाचटावर केलं. बंद भट्टीत मोजकी हवा दिली, निघणारा वायू जाळून आच मिळवली, खाली कोळशाचा चुरा उरला. आपल्या भट्टीत तो वायू धूर होऊन आपल्याच छातीत जातो! पुण्याच्या 'आरती' संस्थेने पाचटाचा कोळसा करून, खळ घालून त्याच्या कांड्या पाडल्या. त्याला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे ऊस नाही. पेंढा गुरांचा, त्याला हात लावायचा नाही. उरतं तूस, भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा. ते आपण गिरणीवरच सोडून येतो. एक मात्र ध्यानात ठेवा, या वायूला वास नसला तरी तो विषारी आहे. झोपडीत हा खेळ नको, उघड्यावरच.

चुरा शेणखतात मुरवून वरकस जमिनीत घातला तर ओल धरतो, आणि वर्षानुवर्षं मातीत राहतो. पण आपण राहू का तिथं? आजा-पणजापासून दळी कसतो, सातबाऱ्यावर नाव नाही. माती आपण सुधारायची आणि उद्या वनखात्याने उठवायचं, असं किती दिवस चालणार? वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, ४ हेक्टरपर्यंत, नावावर होते. दावा ग्रामसभेत द्यायचा, साहेबाच्या टेबलावर नाही.

तुसाची भट्टी गावात करून बघू, त्याला फार पैसा लागत नाही. पण आधी कागद. दावा नामंजूर झाल्याचं पत्र ज्यांना आलंय त्यांनी आज जेवून जाऊ नका, थांबा. अपिलाला ६० दिवसच असतात.